आलुबुखार पिकू नयेत म्हणून

८ जुलै, मंगळवार

एरवी या वहीत भाजी, गुडघे आणि सोसायटीचा पाण्याचा टँकर यापलीकडे काही नसतं. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. आमच्या सूनबाईंनी एक वस्तू मागितली.

अक्षदा, म्हणजे ऋतुराजची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. जेवायला काय करू विचारलं की म्हणणार, "आई, तुम्हाला सोपं पडेल ते." साडी कुठली हवी तर "कुठलीही चालेल." तिची आई ती लहान असतानाच गेली. बार्शीच्या मावशीनं वाढवलं आणि चांगलं वाढवलं, पण दुसऱ्याच्या घरात वाढलेली मुलं मागणं विसरतात. शाळेत विज्ञान शिकवताना अशी कितीतरी मुलं मी पाहिली. खडू संपला तरी सांगणार नाहीत. आता तिला सहावा महिना चालू आहे, तरी डोहाळे म्हणून काही नाही. मी चिंचा आणल्या, आवळे आणले, पन्हं केलं. "छान झालंय आई," म्हणून अर्धं ठेवून देते.

आज ती डोंबिवलीहून तपासणीसाठी ठाण्याला आली होती, मीही सोबत गेले. दवाखान्याजवळ गाडीवर आलुबुखार मांडले होते, गडद लाल, वर पांढुरकी झाक असलेले. ही चालता चालता थांबली आणि म्हणाली, "आई, प्लम घेऊ या का?" मी म्हटलं, येताना घेऊ, पिशवी कुठे सांभाळत बसायची. इथंच चुकलं माझं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, साखर वाढलेली निघाली. महिनाभर गोड बंद, फळं बंद, भात बेतानं. पुन्हा तपासणी थेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर.

परत येताना त्या गाडीपाशी आल्यावर अक्षदा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत चालली. मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "रिपोर्ट चांगला आला की पहिला आलुबुखार माझ्या हातचा खायचास." ती म्हणाली, "तोपर्यंत सीझन संपेल, आई. असू दे."

हे 'असू दे' मला अजिबात चालत नाही. सीझन संपतो म्हणजे काय, फळं पिकतात आणि संपतात. ती पिकलीच नाहीत तर?

९ जुलै, बुधवार

सकाळी जाऊन आलुबुखार निवडून आणले. देठ असलेले, टणक, कुठे डाग नाही असे. गाडीवाला वैतागला. म्हणाला, "मॅडम, सगळे कच्चे घेतलेत. घरी पिकवायला लागतील." मी म्हटलं, पिकू नयेत म्हणूनच घेतलेत. त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते सोडून देते.

घरी आल्यावर ह्यांना बेत सांगितला. हे म्हणजे आमचे मारुतीराव, वीज मंडळातून निवृत्त, मूळ राजापूरचे, आणि फळ पिकवणं या विषयात स्वतःला शेवटचा शब्द मानतात. आंब्याची अढी घालावी तर ह्यांनीच, गवत कुठून आणायचं, पेट्या कुठल्या खोलीत ठेवायच्या, दार कधी उघडायचं, सगळं ह्यांच्या आजोबांच्या पद्धतीनं. ऐकून म्हणाले, "अगं, फळाला पिकू द्यायचं नाही म्हणजे जरा क्रूरपणाच आहे."

मी फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. फळ झाडावरून उतरलं तरी श्वास घेत असतं. पिकायला लागलं की त्याच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो वायू लागला की शेजारचं फळही पिकायला घेतं. म्हणून तीन गोष्टी करायच्या. गार ठेवायचं, पिकलेल्या फळापासून लांब ठेवायचं आणि तो वायू शोषून घ्यायचा. हे म्हणाले, "मग अढीत हेच उलटं असतं." मी म्हटलं, बरोबर. आज लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं शास्त्रीय विषयावर एकमत झालं.

१० ऑगस्टला, रविवारी, डोहाळजेवण ठरलंय. तोवर टिकवायचे आहेत.

१३ जुलै, रविवार

टोपलीत उघडे ठेवलेले पिकले. अपेक्षितच होतं, ते तुलनेसाठीच ठेवले होते. ह्यांनी तुलना मनापासून केली, आता टोपली रिकामी आहे. फ्रिजमधले मात्र जसेच्या तसे आहेत. मी अगदी खूश आहे.

१८ जुलै, शुक्रवार

फार निराश झाले आहे, स्पष्टच लिहिते.

फ्रिजमधले आलुबुखार बाहेरून इतके देखणे दिसत होते की फोटो काढून ठेवावेत. आज एक कापला. आतला गर तपकिरी, भुसभुशीत, ना रस ना चव. दुसरा कापला, तोही तसाच. दुपारभर शोधून वाचलं तेव्हा कळलं की साधा फ्रिज या फळाला मुळीच मानवत नाही. बाहेर ठेवलं तर पिकतं, आणि अर्धवट गारव्यात ठेवलं तर वरून तरुण राहून आतून खराब होतं. त्याला शून्याच्या आसपासची थंडी लागते, पण गोठूही द्यायचं नाही.

आमचा फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडतो, त्यातले तीस वेळा हे. त्याच्यात शून्य टिकणं शक्य नाही. रडू आलं थोडं. अक्षदा संध्याकाळी फोनवर म्हणाली, "आई, तुमचा आवाज का असा येतोय?" सर्दी झालीय म्हणून सांगितलं. तिला तर मी फळं टिकवतेय एवढंच माहीत आहे. "जमतंय का?" असं तिनं हळूच विचारलं. जमतंय म्हणाले.

२० जुलै, रविवार

एडनाचा फ्रिज.

हे मला आधी कसं सुचलं नाही? एडना आमच्या समोरच्या दारात राहते. मूळची इथल्याच कोलशेत गावची, तिच्या माहेरची वाडी होती तिथं आता टॉवर आहे. तिच्याकडे मागच्या बाल्कनीत एक छोटा जुना फ्रिज आहे, फक्त मासळीसाठी. हिवाळ्यात त्याच्यात बाटल्या असतात, त्यांच्याविषयी मी विचारत नाही.

तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "घे गो बाय, सुनेसाठी करते ना तू. माझे बोंबील तीन आठवडे माझ्या भावाकडे राहतील." मग आम्ही दोघींनी तो फ्रिज लिंबू, सोडा आणि व्हिनेगर लावून तीनदा धुतला. चौथ्यांदा मी एकटीनं.

पुन्हा नवे आलुबुखार आणले, गाडीवाल्याकडचे शेवटचे. म्हणाला, "आता माल येणार नाही मॅडम, सिमल्याचा संपला." शाळेतून निवृत्त होताना भेट मिळालेला थर्मामीटर आत ठेवला आणि पारा शून्यावर स्थिर होईपर्यंत बटण फिरवलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खडू. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी करून त्यात पांढरे खडू बुडवले, वाळवले, भोकं पाडलेल्या पुडीत घालून फळांच्या मध्ये ठेवले. हा जांभळा खडू इथिलीन शोषतो आणि शोषून थकला की तपकिरी होतो. म्हणजे आत काय चाललंय ते खडूच सांगतो. इतकी वर्षं खडू झिजवले, हा उपयोग आत्ता कळला.

फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, 'यात दुसरे काहीही ठेवू नये.' एडना म्हणाली, "माझ्याच फ्रिजवर मलाच नोटीस." पण हसत म्हणाली.

२३ जुलै, बुधवार

थर्मामीटर शून्याच्या वर जरासा. खडू जांभळे. फळं टणक. एक कापून पाहिला, आतून पिवळा आणि रसरशीत. मला नाचावंसं वाटलं, गुडघ्यामुळे नाचले नाही.

इकडे आमच्या घरात वेगळाच कारभार सुरू झालाय. रविवारी सोसायटीचा सत्यनारायण आहे आणि प्रसादाच्या केळ्यांची जबाबदारी ह्यांनी अंगावर घेतलीय. बाजारची पिकवलेली केळी नकोत, आपण घरी पिकवू, असं मीटिंगमध्ये सांगून आले. हिरवा घड आणून मधल्या खोलीत पिंपात ठेवलाय, वर गोणपाट, आत उदबत्त्यांचा धूर. एका घरात एकजण फळं पिकवतोय आणि शेजारच्या घरात त्याची बायको पिकू देत नाहीये. एडनाला याचं फार हसू येतं.

२६ जुलै, शनिवार (डोंबिवली)

ऋतुराज कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेलाय म्हणून कालपासून मी अक्षदाजवळ आहे. छान मुलगी आहे, पण घरात पाहुणी असल्यासारखी वागते. स्वतःच्याच घरात. मी झोपले तर टीव्हीचा आवाज बंद, मी उठले तर ही उभी. मी म्हटलं, "अगं, बस ना पाय पसरून." तर खुर्चीच्या कडेला टेकली.

तिला खडूची गोष्ट सांगितली. अगदी मन लावून ऐकलं तिनं. मग म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कशाला करता, आई?" मी म्हटलं, मला सवय आहे, प्रयोगवही पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाला सही दिलेली नाही. खरं तर 'तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी करणार' असं म्हणायचं होतं. ते तोंडात आलं आणि तिथंच राहिलं.

ह्यांना फोन केला. केळी कशी आहेत विचारलं.

"पुढे गेलीत जरा. उद्यापर्यंत काळी पडली असती."

"मग?"

"सोय केलीय."

"कसली सोय?"

"केलीय गं. तू आराम कर."

ह्यांनी मला आराम कर म्हटल्याचं मला आठवत नाही. वय झालं की माणूस हळवा होतो.

२७ जुलै, रविवार

दुपारी घरी पोहोचले. पूजा छान झाली, केळी पिवळीधमक, सगळ्यांनी ह्यांचं कौतुक केलं. पण ह्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. आरतीत टाळ्यासुद्धा उलट्या पडत होत्या.

फळं पाहायला जावं म्हटलं तर एडनाच्या दाराला कुलूप. किल्ली आमच्याकडे असते, ती ह्यांना सापडेना. "उद्या बघ," म्हणाले. "फ्रिज कुठे पळून जातोय?" मग पूजेची भांडी परत करायची म्हणून भर पावसात बाहेर पडले. भांडी सोसायटीच्या खोलीत खालीच असतात. परत यायला दोन-तीन तास लागले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हणाले, कल्याणला एक जुना मित्र भेटला. खाली भांडी ठेवायला गेलेल्या माणसाला कल्याणचा मित्र कसा भेटतो, हे मी विचारणार होते, पण ह्यांना एवढ्या शिंका येत होत्या की आधी काढा केला.

२८ जुलै, सोमवार

सकाळी सकाळी एडनाकडे गेले. दार उघडताना तिनं देवाचं नाव घेतलं, का कोण जाणे.

आधी घाबरले. फ्रिजचं बटण खाली आलेलं, थर्मामीटर नऊवर आणि खडू सगळेच्या सगळे तपकिरी. म्हणजे मध्येच वीज गेली असणार आणि आत भरपूर इथिलीन झालं असणार. डबा उघडला, तर आलुबुखार उत्तम. नुसते उत्तम नाहीत, शुक्रवारी होते त्याहून टणक.

याचा अर्थ एकच. सगळा हल्ला खडूनं झेलला आणि फळाला धक्का लागू दिला नाही. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. हे दारातच उभे होते. म्हणाले, "कमाल आहे तुझी." आवाज अगदी भरून आला होता. आपल्या कामाची घरात कदर होते तेव्हा किती बरं वाटतं.

नवे खडू ठेवले.

३० जुलै, बुधवार

एडनानं जॅमची बरणी दिली. लालसर, आंबटगोड, फार सुंदर. जांभळाचा आहे म्हणाली. मी म्हटलं, जांभळाचा जॅम असा लाल कसा? तर म्हणाली, "वेगळी जांभळं असतात ती." मी म्हटलं, याला थोडी आलुबुखाराची चव लागतेय. एडनाला एकदम ठसका लागला. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. ह्यांनी मात्र जॅमला हात लावला नाही, पोट ठीक नाही म्हणाले.

२ ऑगस्ट, शनिवार

आज अक्षदा न सांगता आली. कल्याणच्या तिच्या ऑफिसला अर्धा दिवस होता म्हणे. तिला पाहून मला इतका आनंद झाला की विचारायचंच राहिलं, घर डोंबिवलीला असताना कल्याणहून इतक्या लांब कशाला आलीस.

आल्या आल्या म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी एडना आंटींना भेटून येते." जी मुलगी आपणहून कुणाच्या दारात जात नाही ती आज एडनाकडे गेली. बराच वेळ बसली. हेही तिकडेच होते. मी गेले तर तिघं एकदम गप्प झाले आणि एडना बोंबलांविषयी बोलायला लागली. अक्षदाला मासळीचा वाससुद्धा सहन होत नाही.

एक गोष्ट मनाला लागली. तिची मोठी पर्स कोचावर होती, बाजूला सरकवताना आलुबुखाराचा वास आला. पर्समध्ये काहीही नव्हतं, एक रिकामी कापडी पिशवी सोडून. म्हणजे माझंच डोकं त्या फळांनी भरलंय. मला असे भास व्हायला लागले तर त्या पोरीचं काय होत असेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

नोंद करायलाच हवी. माझी पद्धत फळाचं पिकणं थांबवते एवढंच नाही, ती त्याला मागे नेते. आज डब्यातले काही आलुबुखार गेल्या आठवड्यापेक्षा निश्चितपणे कच्चे आहेत. शिवाय आकारानंही थोडे मोठे वाटतात. थंडीत पाणी धरत असावेत. असं कुठे वाचनात आलेलं नाही, पण मी डोळ्यांनी पाहतेय.

मी ठरवलंय की डोहाळजेवणाला एवढ्या बायका येणार आहेत, तर दहा मिनिटं खडूचं प्रात्यक्षिक दाखवावं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नको, त्या दिवशी अक्षदाकडे लक्ष असू दे." ऋतुराजला फोन केला तर तोही म्हणाला, "आई, प्लीज, मी कालच बाबांशी बोललेलो, ते नको करू." हे दोघं माझ्या प्रात्यक्षिकाविषयी काल कसं काय बोलले? मी तर ते आज ठरवलं.

खरं सांगायचं तर मला प्रात्यक्षिकाचं तेवढं नाही. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे. रिपोर्ट वाईट आला तर? मग सगळं टिकवून उपयोग काय. ती पुन्हा 'असू दे' म्हणेल आणि यापुढे कधीच काही मागणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रिपोर्ट चांगला आला.

दवाखान्याच्या पायरीवरच मी अक्षदाला मिठी मारली. तिला अवघडल्यासारखं झालं असेल, पण तिनं सोडवून घेतलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फळं चालतील, पण बेतानं. आलुबुखार दिवसाला एक. एक म्हणजे एकच.

एवढा मोठा डबा भरून आणि चालणार एक. हरकत नाही. वचनही पहिल्या आलुबुखाराचंच होतं.

१० ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

सगळे गेले. घरभर फुलं पडलीत. जसं घडलं तसं लिहिते.

अक्षदाला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. किती गोड दिसत होती. मावशी बार्शीहून येऊ शकल्या नाहीत, त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ओटी भरली, आणि मग तो वाट्यांचा खेळ. दोन झाकलेल्या वाट्या असतात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असं हसायचं. तिला गोड नको म्हणून मी ठरवलं होतं की दोन्ही वाट्यांखाली आलुबुखार ठेवायचा. जे काही येईल ते गोडच. मी साडी बदलत होते, तोवर वाट्या ह्यांनी मांडल्या.

बायका जमल्या. अक्षदानं डावीकडची वाटी उचलली. खाली सुंदर, गडद लाल आलुबुखार. आणि त्याच्या माथ्यावर, सगळ्यांसमोर, गोल चकचकीत स्टिकर, 'काश्मीर' असं छापलेलं.

माझे सगळे आलुबुखार सिमल्याचे होते, गाडीवर सुटे घेतलेले. स्टिकर कुठून येणार?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते. एडनाकडे पाहिलं, तिनं डोळे मिटले होते. अक्षदा माझ्याकडेच बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला दोन क्षणांत सगळं समजलं. खाली आलेलं बटण, तपकिरी खडू, मागे जाणारी फळं, लाल जांभळं. इतका राग आला मला. विज्ञानाची बाई मी, आणि मी या वहीत लिहून ठेवलंय की थंडीत फळ मोठं होतं.

पण समोर पंधरा-वीस बायका होत्या आणि मध्ये ही पोर घाबरून बसली होती. मी आलुबुखार उचलला, नखानं स्टिकर काढला, पदरानं फळ पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. "खा," म्हटलं. तिनं चावा घेतला. रस हनुवटीवर आला. तिनं डोळे मिटले आणि लगेच दुसरा चावा घेतला. बायका हसल्या, मीही हसले. राग होता, पण तिला खाताना बघून तो मला धरून ठेवता येईना.

पाहुणे गेल्यावर मी तिघांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"बोला."

हे म्हणाले, "केळी पुढे गेली होती. रात्रभर गार जागा हवी होती म्हणून एडनाच्या फ्रिजात ठेवली. आणि केळं जास्त गारठ्यात काळं पडतं ना, म्हणून बटण जरा कमी केलं."

"पिकलेली केळी. माझ्या आलुबुखारांशेजारी. ऊब करून."

"अढीच झाली ती," हे खाल मानेनं म्हणाले. "सकाळी सगळे मऊ पडले होते. मग मी कल्याणच्या मार्केटला गेलो. तिथे काश्मीरचे मिळाले."

एडना म्हणाली, "मऊ झाले ते टाकवले नाहीत मला. साखर घातली नि जॅम केला. तुला कळलंच होतं गो, मी मेलेच असते ठसक्यानं."

"आणि नंतरचे? ते तर पुन्हा पुन्हा ताजे होत होते."

अक्षदा म्हणाली, "ते मी आणत होते, आई."

हे म्हणाले, "माझा गुडघा सुजला होता. पहिले आणले त्यातले काही मऊ पडायला लागले, म्हणून मी ऋतुराजला फोन केला. तो हिच्याजवळ बोलला."

"माझं ऑफिस मार्केटजवळच आहे," अक्षदा म्हणाली. "मिळतील तसे मी आणायचे. बाबा स्टेशनला येऊन पिशवी घ्यायचे. एकदा त्यांना जमलं नाही तेव्हा मीच इथं आले."

मी तिच्याकडे बघत राहिले. ज्या मुलीला फळ बंद होतं, जिला सबंध गरोदरपणात एकाच गोष्टीचे डोहाळे लागले, ती तेच फळ पर्समध्ये घालून वागवत होती, माझा डबा भरलेला दिसावा म्हणून.

"एकही खाल्ला नाहीस?"

"नाही."

"मनात आलं नाही?"

"रोज यायचं. वास घेत होते." मग म्हणाली, "पण पहिला तुमच्या हातचा खायचा होता. तुम्ही सांगितलं होतंत ना."

मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं रागानं, म्हणून हे आणखी मागे सरकले. मी रडत रडतच ह्यांना सांगितलं की यापुढे ह्यांनी केळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. एडना हसायला लागली, मग सगळेच हसलो. राहिलेले आलुबुखार एडनाला देऊन टाकले, हवं ते कर म्हटलं, फक्त त्याला जांभूळ म्हणू नकोस. ती आणि हे डबा घेऊन गेले.

मी आणि अक्षदा बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. तिनं गजरे काढले. मग ती म्हणाली, "आई, एक मागू?"

"माग."

"बाळंतपणाला बार्शीला न जाता इथं राहिले तर? तुमच्याजवळ?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तर लग्नातच ठरल्यासारखं होतं. मावशींनी खोली रंगवून घेतलीय, पाळणा दुरुस्त करून घेतलाय. त्या मनाच्या चांगल्या आहेत, पण बोलायला तिखट आहेत आणि हे ऐकून मला सोडणार नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि तरी मला आज जितका आनंद झाला तितका निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीही झाला नव्हता.

"राहा," मी म्हटलं.

"मावशी रागावेल. मी उद्या तिला समजावते."

"तू काही समजावू नकोस. मागायचं काम तू केलंस, आता भांडायचं मी बघते."

ती हसली. मग दोन्ही पाय वर घेऊन, उशी पाठीशी ओढून, कोचावर ऐसपैस बसली. माझ्या घरात ती अशी पहिल्यांदाच बसली.